पोटातला उजेड

मित्रांनो, मी माणसाच्या पोटात बघणारी एक जुनी दुर्बीण आहे. हातभर लांब, पेन्सिलीएवढी जाड. परळच्या एका इस्पितळात माझी हयात गेली. पोटाला बारीक भोक पाडून मला आत सोडत आणि मला दिसेल ते पडद्यावर सगळ्यांना दिसे.

गणपती जवळ आले होते. लालबागच्या कारखान्यात मूर्ती घडवणारे रघुवीर परांचीवरून घसरले आणि सांगाड्याची सळई त्यांच्या पोटात घुसली. सोबतच्या रामदासने ती उपसली नाही. बाहेरचा भाग करवतीने कापला आणि त्यांना तसंच उचलून आणलं.

"पोट फाडूक लागतला काय ओ?" त्यांची बायको मालन कळवळून विचारत होती.

"रक्तदाब ठीक आहे, म्हणून आधी दुर्बिणीने बघते," डॉक्टर सुचित्रा म्हणाल्या. "आत जास्त रक्त दिसलं, तर मात्र पोट उघडावंच लागेल."

मी आत गेले. सळई यकृताच्या अगदी कडेने जाऊन आतड्यात शिरली होती.

"आता काढा. हळू, अगदी हळू," डॉक्टर मदतनिसाला म्हणाल्या.

सळई मागे सरकू लागली. थोडं रक्त पाझरलं आणि थांबलं. आतड्याला दोन भोकं पडली होती. डॉक्टरांनी लांब दांड्याच्या चिमट्यांनी ती आतल्या आत शिवली, उरलेलं आतडं वीतवीत तपासलं, पोट धुऊन काढलं. मोठी चीर द्यावी लागलीच नाही. काही दिवसांत रघुवीर मालनचा हात धरून चालत घरी गेले, असं मी नंतर ऐकलं. मी त्यांचं पोट पाहिलं, चेहरा मात्र पाहिला नाही.

पुढे धुताना कुणीतरी माझ्यावर जड हत्यारं टाकली. काच तडकली. नवी दुर्बीण आली आणि मी शिकवणीच्या खोलीत गेले. आता विद्यार्थी माझ्यातून खोक्यातला स्पंज बघतात, त्यावर टाके घालायला शिकतात. प्रिती नावाची मुलगी मला जपून पुसते. पण खरं सांगू? आत सोडण्याआधी काचेवर वाफ धरू नये म्हणून मला कोमट पाण्यात बुडवत, ती ऊब अजून आठवते. मग दिवे मंद होत आणि कुणी हळूच म्हणे, "दिसतंय."

मित्रांनो, नाजूक वस्तू हळू ठेवा. आणि कुणाच्या पोटात काही घुसलंच, तर ते उपसू नका. त्याला तसंच घेऊन धावत या. इथे कुणीतरी उजेड धरून तयार असेल. ती मी असते तर!