चूळभर मौन

भाद्रपदातलं ऊन. धुतलेलं, निथळलेलं, सुवर्णकोमल ऊन. पोफळींच्या शेंड्यांवरून ते घरंगळलं, केळीच्या रुंद पानांवरून ओघळलं, आणि पऱ्ह्याच्या काठी दाटीनं फुललेल्या तेरड्यात येऊन विसावलं. जांभळा तेरडा, गुलाबी तेरडा, आरक्त तेरडा. पावसानं भरलेला तो इवलासा ओढा खडकांशी लडिवाळ भांडण काढत वाहत होता, आणि त्या वाहत्या पाण्यात मथुरा पोटऱ्या बुडवून उभी होती.

आज गौरी यायच्या होत्या.

कुणाच्या घरी गौरी मुखवट्यांच्या येतात. नाकात नथ, डोळ्यांत काजळ, भुवया कोरीव. मथुरेच्या घरी पूर्वापार खड्यांच्या गौरी. वाहत्या पाण्यातले पाच खडे. त्यांना नाक नाही, डोळे नाहीत, हसू नाही. तरी त्यांच्यासाठी अंगण सारवलं जातं, रांगोळीची पावलं उमटतात, पुरणाचा नैवेद्य होतो. खड्यांना चेहरा नाही म्हणून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. मथुरेला चेहरा होता, आणि तिथंच सगळं अडत होतं.

त्या चेहऱ्याची डावी बाजू देखणी. शुक्लचंद्रिकेत न्हालेली, शांत. उजवी बाजू विस्तवानं चाखलेली. कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडी गोळा होऊन घट्ट बसलेली, आणि त्या सुरकुतल्या लालीतून एक डोळा अर्धाच उघडा. तिला बघायला आलेली मंडळी चहाचे पेले तसेच ठेवून उठली. शेजारच्या बारशाला ती कौतुकानं पाळण्यापाशी गेली, तर बयोकाकूंनी झटकन बाळावर पदर ओढला. तो ओढलेला पदर मथुरेच्या जिवाला फार लागला.

आणि सणावाराला कोठी. अण्णांचा, तिच्या वडलांचा, तसा हुकूमच होता. लक्ष्मी घरात येऊन बसेपर्यंत मथीनं आत राहावं. भाताच्या कणग्या, जुन्या पितळेचा वास, बाहेरून लागलेली कडी, आणि फळ्यांच्या फटीतून आत येणारी उजेडाची एक रेघ. त्या रेघेला डोळा लावून तिनं आपल्याच घरचे सण पाहिले. आपल्याच घरचे, परक्यासारखे.

पण या कशाकशाचं तिला आता फारसं दुःख उरलं नव्हतं. दुःख होतं ते आईचं.

ती लहान असताना अशाच गौरीच्या फराळाच्या दिवशी आई करंज्या तळत होती. आईचं कोपर कढईच्या कानाला लागलं, आणि उकळतं तेल शेजारी बसलेल्या मथुरेवर आलं. त्या दिवसापासून आईनं लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. जेवायला वाढताना तिची नजर पानावर. बोलताना ती खांद्यावर. वेणी घालताना मथुरेला पाठमोरी बसवायची, आणि मग मात्र किती माया! तेल जिरवणारी स्नेहार्द्र बोटं, केसाकेसांतून फिरणारी, न बोलणारी. आईची माया मथुरेला पाठीमागून ठाऊक होती. समोरून ती तिला कधी मिळालीच नाही.

आता आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. दिवाळीच्या पणत्या दिसल्या तरी नशीब, असं वैद्य सांगून गेले होते. त्या रात्रीच मथुरेनं मनाशी गाठ मारली. ती दृष्टी विझायच्या आत एकदा तरी आपल्यावर पडली पाहिजे.

फटीतून पाहून पाहून तिनं एक गोष्ट हेरून ठेवली होती. गौर घेऊन आलेल्या बाईला दारात थांबवतात. घरची मोठी सवाष्ण तिचे पाय दुधापाण्यानं धुते, तिच्या कपाळी कुंकू लावते, तिला ओवाळते. आणि कुंकू लावायचं तर चेहऱ्याकडे बघावंच लागतं. म्हणून आज पहाटेच, कडी लागायच्या आधी, ती परसदारानं निघाली होती.

तिनं पाच खडे निवडले. तबकात ठेवले. वर तेरड्याच्या डहाळ्या रचल्या.

तेवढ्यात पायवाटेवर काकणं वाजली. वाडीतल्या बायका आल्या. पुढं दर वर्षी गौर आणणारी वहिनी, हातात थाळी आणि पळी. मथुरेला पाहताच बयोकाकू जागीच थबकल्या.

"अगोबाई! ही कशी इथं? लक्ष्मी यायची वेळ, नि ही पुढ्यात? जा गो घरी!"

मथुरेनं ओंजळभर पाणी उचललं आणि तोंडात घेतलं. गौर न्यायची ती मुक्यानं, तोंडात पाण्याची चूळ धरून, मागं वळून न पाहता. तबक उचलून ती काठावर आली. ताठ, भिजलेली, निश्चल.

दर वर्षी कोठीची कडी लावणारे हात वहिनीचे होते. आता त्या हातांनी पळी उचलली.

"काकू, चूळ भरलीय त्यांनी," वहिनी म्हणाली. "आता त्यांना बोलायचं नाही, नि अडवायचं तर नाहीच नाही." मग नणंदेकडे वळून हळूच म्हणाली, "चला वन्सं. मी थाळी वाजवते."

थाळी निनादली. वाट निनादली. दोन्ही अंगांनी तेरडा डुलत होता, मागं कुजबुज सरपटत होती, आणि मधून मथुरा चालली होती. मागं पाहायचं नव्हतं. तिला पाहायचंही नव्हतं. ओटीवरून अण्णा ताडकन उठले, काही बोलायला तोंड उघडलं, तबकातले खडे पाहिले आणि बाजूला झाले. त्यांचे हात जोडले गेले. कुणाला, ते त्यांनाच ठाऊक.

उंबरठ्याशी आई बसली होती. निरांजन, दूध, पाणी, कुंकवाचा करंडा. सुनेचे म्हणून तिनं पाय हातांत घेतले, दूध घातलं, पाणी घातलं, आणि सवयीनं तिची बोटं जोडवी शोधू लागली. जोडवी नव्हती. आईचे हात थांबले. ही पावलं तिनंच तेल चोळून वाढवली होती.

थाळी थांबली. अधू डोळ्यांच्या म्हातारीनं खाली मान घालून, चाचपत कुंकू टेकवलं असतं, तर कुणी नावं ठेवली नसती. मथुरा वाकली नाही. तिनं पदर पुढं ओढला नाही. ती वाट पाहत राहिली. इतकी वर्षं पाहिली, आणखी थोडी.

आई उठली. निरांजन उचललं. सायीनं झाकल्या त्या डोळ्यांना लांबचं दिसत नव्हतं, म्हणून तिला जवळ यावं लागलं. आणखी जवळ. अगदी जवळ. ज्योतीची ऊब मथुरेच्या भाजल्या गालाला लागली, आणि आईनं पाहिलं. देखणी बाजू पाहिली. जळकी बाजू पाहिली. अर्धा उघडा डोळा पाहिला, आणि नजर हलवली नाही.

"फार भाजलं होतं का गो तुला?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मथुरेच्या तोंडात पऱ्ह्याचं पाणी होतं. डोळ्यांत वेगळं पाणी आलं. नाही म्हणून आईची समजूत घालता आली असती. तिनं सरळ आईच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मान हलवली. हो.

आईचं बोट कुंकवात बुडालं. कपाळाला टेकलं. मग तिथं न थांबता खाली उतरलं, सुरकुतल्या कातडीवरून, चुरगळल्या गालावरून, हनुवटीपर्यंत, सावकाश.

थाळी पुन्हा निनादली. चेहरा नसलेले पाच खडे हातात घेऊन मथुरा उंबरठा ओलांडून आत गेली. आणि तिच्या चेहऱ्यावर आईच्या बोटाची रेघ होती, लाल, ओली, उघडी.