पिवळा पडलेला शर्ट

माझे सासरे कापडगिरणीत रंग जुळवायचे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही रंगावर शेवटचा शब्द त्यांचाच. कित्येक वर्षं ते माझ्या धुण्याला नावं ठेवत होते. "सूनबाई, शर्ट पिवळा पडलाय." मी साबण बदलला, नीळ बदलली, तरी त्यांचं तेच.

परवा त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, डाव्यातला अजून काढायचाय. आज पट्टी निघाली. घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"हे नवे शर्ट कुणी आणले? मला न विचारता?"

"जुनेच आहेत, बाबा."

"मग धुवायला बाहेर टाकले असशील."

"मीच धुतलेत!"

त्यांचा विश्वास बसेना. कॉलर उलटून त्यांनी शिंप्याची खूण तपासली, मी वेगळ्याच दोऱ्यानं लावलेलं बटण तपासलं. शर्ट त्यांचाच होता. मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसतं म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, एकदाचं कळलं.

"त्या डॉक्टरनं निळी काच बसवलीय," ते म्हणाले. "मला फसवतो काय!"

आणि उजवा डोळा तळहातानं घट्ट झाकून त्यांनी शर्ट माझ्या नाकासमोर धरला.

"हा बघ, पिवळाच आहे. माझ्या डाव्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही."