रोजची एक चूक

शास्त्रीबुवांच्या लेकीने नव्या कोऱ्या ग्रंथाचं चाळिसावं पान उघडलं आणि तिचं तोंड कडू झालं.

समोर बाबांचा पट्टशिष्य बसला होता. आता तो संस्कृत विभागाचा प्रमुख होता. संध्याकाळी त्याच्या ग्रंथाचं प्रकाशन होतं. ‘आयुष्यभराच्या संशोधनाचं फळ’, असं वेष्टनावर छापलेलं. फळ कसलं डोंबलाचं! बाबांच्या वह्या होत्या त्या. ते गेल्यावर ‘नीट लावून देतो’ म्हणून याने नेलेल्या. भर सभेत हे सांगून टाकायचं, असं तिने पहिल्या दहा पानांतच ठरवलं होतं.

पण चाळिसाव्या पानाने तिला शिसारी आली. तिथे टीकाकार मूळ ग्रंथकाराच्या शंभर वर्षं आधीच जन्माला आला होता.

बाबांची शिकवायची रीतच तशी होती. रोजच्या पाठात ते कुणाला न सांगता मुद्दाम एक धडधडीत चूक घालत. दुसऱ्या दिवशी जो ती पकडेल तो पुढच्या पाठाला, बाकीचे तिथेच. या टीकाकारापायी ती स्वतः पंधरा दिवस रखडली होती. पोटची पोर म्हणून बाबांनी गय केली नव्हती. आणि या गृहस्थाने चूक जशीच्या तशी छापून खाली तळटीपही जोडली होती. चौसष्टाव्या पानावर नदी डोंगर चढत होती.

“कसं वाटलं, ताई?”

“वह्यांत होतं तस्संच आहे.”

“गुरुजींचा शब्द! कानामात्रेचा फरक केला नाही मी.”

“या पाठाला किती दिवस अडकला होतात?”

“अडकलो? छे! सात वर्षांत गुरुजींनी मला एकदाही अडवलं नाही. बाकीच्यांना का थांबवायचे, कोण जाणे. मला म्हणायचे, तू ऐकतोस छान.”

तो खोटं बोलत नव्हता. पहिल्या रांगेत बसून वाक्यावाक्याला ‘वा, गुरुजी!’ म्हणणारा तो तिला आठवला. चुकीलाही तो तितकीच मान डोलवायचा. आणि बाबांना ते दिसत होतं. न दिसायला ते काय आंधळे होते? चुका पकडणारी, उलट प्रश्न विचारणारी दोन हुशार मुलं कुठल्याशा कचेऱ्यांत कारकुनी करत म्हातारी झाली. नोकरीसाठी शिफारसपत्र मिळालं ते याला. ते टपालात टाकायला तीच गेली होती.

आता तिला बाबांची किळस आली. जन्मदात्याबद्दल असं वाटू नये, हे तिने स्वतःला दोनदा बजावलं. पण किळस जाईना.

“संध्याकाळी दोन शब्द बोलाल ना?” तो अजिजीने म्हणाला. “गुरुजींच्या वारशाबद्दल. तुमच्या तोंडून आलं की वजन येतं.”

तिने ग्रंथ मिटून त्याच्या हातात दिला.

“बोलते. बाबांचे खरे वारस तुम्हीच, असं सांगते.”

त्याचे डोळे भरून आले. “केवढं मोठं मन तुमचं, ताई!”

“मन कसलं,” ती म्हणाली. “खरं तेच सांगणार आहे.”