माझा मोडका दात आणि संजनाचे केस

मी एक कंगवा बोलतोय. नाशिक रोडच्या एका वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, बादलीच्या वर खिळ्याला टांगलेला. शिसवी लाकडाचा आहे मी. दात रुंद, विरळ आणि त्यातला एक मोडका.

पलंगाच्या पायांतून उरलेला एक तुकडा, एवढंच माझं मूळ. पण कारागिराने मला इतकं मन लावून घासलं, की अंगावर बोचेल असं काही ठेवलंच नाही. प्रदर्शनात अंजलीताईंनी मला उचललं, स्वतःच्या गालावरून फिरवलं आणि म्हणाल्या, "हा माझ्या पोरीला टोचणार नाही."

पोरगी म्हणजे संजना, अकरावीतली. तिचे केस पाहिले आणि मी थक्क झालो. काळेभोर, दाट, कुरळे. बट ओढून सोडली की पुन्हा वेटोळं घालून जागेवर बसायची. लाकडात असं कुणी कोरलं असतं, तर लोकांनी काचेच्या कपाटात जपून ठेवलं असतं.

संजनाला मात्र ते नकोसे झाले होते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने बादलीवरसुद्धा पांढरे थर चढत. तिथे केसांची काय कथा? वाळले की राठ व्हायचे, टोकाला गुंता व्हायचा. वर्गातल्या मुली "झिपरी" म्हणायच्या. आणि लवकरच, जयंतीच्या सभेत, बुद्धविहारात तिचं भाषण होतं.

"मी स्टेजवर अशी नाही जाणार. पार्लरमध्ये जाऊन सरळच करून टाकते कायमचे," तिने एका सकाळी जाहीर केलं.

अंजलीताईंनी तिची एक बट बोटाभोवती गुंडाळली. त्यांच्या आईचे केस अगदी असेच होते. आई गेली, आणि तिची तेवढी एक खूण लेकीच्या डोक्यावर उरली होती.

"जयंती जवळ येईपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "चांगला कंडिशनर शोधू आपण. नाहीच जमलं, तर मीच घेऊन जाईन तुला पार्लरला."

मग दर रविवारी आमची परीक्षा सुरू झाली. पहिला आला नारळाचा. मग कोरफडीचा. मग कांद्याचा. तो पाहून शकुबाई, म्हणजे अंजलीताईंच्या सासूबाई, संजनाची आजी, पोट धरून हसल्या.

"कांदा डोक्याला? आगं, नामपूरच्या मार्केटात ढीग पडलाय, तिथंच लोळून ये की! लय स्वस्तात होईल."

"आत्या, वास नाही हो येत त्याला," अंजलीताई म्हणाल्या.

"मंग कांदा कशाला म्हणत्यात?"

लावायचं काम शकुबाईंचं. इगतपुरीकडच्या त्या, तिथल्या पावसात त्यांनी लेकीसुनांची डोकी तेलाने चोळली होती. तोच हात इथेही चालायचा. मुळांत जिरवून, टाळूवर थापून, दहा बोटांनी चोळून. "मुरलं पायजे," असं म्हणत. टोकापर्यंत पोहोचायला काही उरायचंच नाही. परिणाम एकच: वर डोकं तेलकट, चपटं, खाली झाडूची काडी. कंडिशनर नापास! एकदा तशा कोरड्या गुंत्यात संजनाने रागाने मला ओढलं आणि माझा दात मोडला. मला त्याचं दुःख नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं झालं.

जयंती जवळ आली. अंजलीताईंनी शब्द पाळला. सोमवारची पार्लरची वेळ ठरली. आदल्या रविवारी त्या कामावर होत्या. शकुबाईंचा खांदा धरला होता, हात छातीच्या वर उचलेना.

"राहू दे आजी, उद्या सरळच होणार आहेत."

"आजच्या दिस तरी माझ्या हाताखाली बस."

फडताळात पहिलीच नारळाची अर्धी बाटली उरली होती. संजना पाटावर बसली. आजीचा हात डोक्यापर्यंत जाईना, म्हणून त्यांनी खालच्याच ओल्या केसांना कंडिशनर लावला. मला हातात घेतलं. वरून विंचरणंही जमेना. म्हणून आधी टोकं, मग जरा वर, मग आणखी जरा वर. मी लोण्यातून जावं तसा जात होतो. एवढा गुंता, आणि एक केसही ओढला गेला नाही!

धुऊन वाळवले, तेव्हा प्रत्येक बट सुटी, चमकती, वेटोळी. संजना आरशासमोरून हलेना.

संध्याकाळी अंजलीताई दारातच थबकल्या. "कुठला लावला?"

"पहिलाच. तू नापास केलेला," संजना म्हणाली. "आजीने आज मुळाला लावलाच नाही. हात पोहोचत नव्हता."

शकुबाई खदखदून हसल्या. "म्हंजे त्या बिचाऱ्या बाटल्यांचं काय चुकलं नव्हतं! माझाच हात आडवा येत व्हता व्हय?"

अंजलीताईंनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला, बराच वेळ. पार्लरला फोन संजनानेच केला. "काकू, उद्या नाही येत मी." जयंतीला ती केस मोकळे सोडून बोलली, असं मी ऐकलं. कंगव्याला कोण नेतं सभेला?

आता मी जुना झालोय. पाण्याने रंग उतरला. मात्र काम वाढलं आहे. शकुबाईंचा हात अजून वर जात नाही, म्हणून रविवारी संजनाच त्यांचे पांढरे, मऊ केस विंचरते. टोकापासून, हळूहळू. बायांनो, बाबांनो, तुमच्याही घरी कुणाचा हात वर जात नसेल, तर माझ्यासारख्याला खिळ्यावरून काढा. एवढंच मागणं.

परवा नारळाचा तोच कंडिशनर लावताना शकुबाई हळूच म्हणाल्या, "थोडा मुळाला बी चोळ गं. मुरू दे."

"आजी!"


दोघी इतक्या हसल्या, की मी संजनाच्या हातातून बादलीत पडलो.