बैठकीबाहेरची किटली

मित्रांनो, बुडाशी पांढरा थर जमला आणि झाकण एका बाजूने सैल झालं, की लोक जुनी म्हणायला लागतात. म्हणोत बापडे. मी विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास विभागाची विजेची किटली आहे, आणि माझ्याइतकं जुनं त्या विभागात आता कुणीच उरलेलं नाही. इतकी वर्षं गप्प राहिले. पण आता अगदी गळ्याशी आलंय, म्हणून बोलते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवणारी यंत्रं अवाढव्य होती आणि ती चालवणारे पुरुष त्यांच्यासोबत फोटो काढून घ्यायचे. मला मूठ बसवली ती मात्र रांगेच्या टोकाला बसणाऱ्या एका बाईने. दिवसाला दोनशे मुठी बसवायची ती. प्रत्येक किटलीत पाणी उकळून बघायची आणि ओतून टाकायची. एवढं पाणी उकळूनही तिला दिवसभरात एक कप चहा प्यायला सवड नसे. माझ्या पोटावर थाप मारून ती म्हणाली होती, "ही गुणाची आहे गं." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

मी विभागात आले तेव्हा विभाग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाच्या दोन खोल्या आणि मधे प्लायवूडची भिंत घालून काढलेला चहाचा कोपरा. विभाग सुरू करणाऱ्या मोठ्या बाई कडक होत्या. त्यांचा नियम एकच, "तल्लफ ज्याची, त्याने उठायचं." मग तो विद्यार्थी असो, प्राध्यापक असो नाहीतर पाहुणा. एकदा एक बडे पाहुणे आले आणि चहाची वाट बघत बसले. मोठ्या बाईंनी त्यांना माझ्यापाशी आणून उभं केलं. बिचाऱ्यांनी साखर टाकायला विसरून अगदी मचूळ चहा केला. सगळ्यांनी तो हसत हसत प्यायला आणि सर्वांत जास्त हसले ते पाहुणेच. दर शनिवारी कुणीतरी लिंबू पिळून मला आतून लख्ख करायचं. तेव्हा मी चार मिनिटांत पाणी उकळायची. काय दिवस होते ते!

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. नव्या बाई काही वाईट नव्हत्या हो. शिकवायला उभ्या राहिल्या की भिंतीपलीकडून ऐकत राहावंसं वाटे. पण त्यांच्यामागे कामांचा नुसता ससेमिरा. एकदा घरकामाची वाटणी या विषयावर त्या तासभर बोलल्या. घर चालवणाऱ्या बाईचं काम कुणाला दिसत कसं नाही, हे त्यांनी इतकं छान समजावलं की माझं पाणी न तापताच उकळायला लागलं. तास संपला. बाई म्हणाल्या, "चला, मुलींनो, कुणीतरी चहा टाका बरं." एक मुलगी उठली. यात काही चुकतंय असं कुणाला वाटलंसुद्धा नाही. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

मग तशीच रीत पडली. सर्वांत नवी मुलगी चहा करणार. विभागात एक दाढीवाला विद्यार्थी होता. पुरुषांना पुरुषासारखं वागायला कोण शिकवतं, यावर त्याने चारशे पानं लिहिली होती. चारशे! पण पाच वर्षांत त्याने माझी मूठ एकदाही धरली नाही. "माझ्या हातचा चहा कुणाला गिळवणार नाही गं," असं म्हणायचा आणि तेही कौतुकाने. लिंबाचा शनिवार तर कधीच बंद पडला होता. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, असं झालं. माझ्या बुडाशी थर साचत गेला आणि चाराची अकरा मिनिटं झाली.

अशातच धाकटी आली. विभागात सर्वांत लहान म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणायचे. माझ्यापाशी उभी राहून ती आईला फोन करायची. हात रिकामे नसल्यामुळे फोन ओट्यावर ठेवून मोठ्याने बोलायची, म्हणून मला सगळं कळायचं. वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. "बायकांचा अभ्यास करायला विद्यापीठ कशाला हवं? घरात चार बायका आहेत, त्यांच्याकडे बघ," असं ते म्हणाले होते. वर्षात विषय मंजूर झाला तर ठीक, नाहीतर गुपचूप घरी यायचं. घरी आत्या अंथरुणाला खिळलेली होती. तिचं करायला कुणीतरी हवं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना न सांगता माहीत होतं.

धाकटीने विषय निवडला तो थेट माझ्या जिव्हाळ्याचा. कचेऱ्यांमध्ये चहा कोण करतं, खुर्च्या कोण मांडतं, निरोप समारंभाचा गुच्छ आणायचं कुणाच्या लक्षात राहतं आणि हे करताना कुणाचं काय हुकतं. नऊ-दहा महिने ती दवाखान्यांत, बँकांत, शाळांत जाऊन बायकांशी बोलली. मला वाटलं, चला, कुणाला तरी दिसलं एकदाचं.

समितीच्या बैठकीचा दिवस आला. समितीत पाच जण होते आणि बाहेरून आलेले एक सर त्यांच्यात ज्येष्ठ. उमेदवाराने समोर बसून स्वतःचा विषय मांडायचा, असा नियम. त्या बैठकीतलं दाढीवाल्याचं स्वतःचं काम आधीच उरकलं होतं, पण तो आपला तिथेच बसून राहिला. धाकटी कागद घेऊन आत गेली, तोच बाई म्हणाल्या, "अगं धाकटे, आधी चहा आण, मग निवांत ऐकू."

ती माझ्यापाशी आली. मी तापायला लागले. लवकर उकळ, लवकर उकळ, असं स्वतःला किती बजावलं! पण थर काय ऐकतोय?

भिंतीपलीकडे ज्येष्ठ सर घड्याळ बघत म्हणाले, "तोवर पुढे सरकू या. विषय काय आहे हिचा?" दाढीवाल्याने सांगितला. तिच्याच शब्दांत सांगितला, आणि छान सांगितला.

"आता कुठे राहिलंय असलं काही?" सर म्हणाले. "हल्लीच्या मुली कुठे चहा करतात?"

कुणी हसलं नाही, मित्रांनो. धाकटी माझ्यासमोर पाच कप मांडून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

ती आत गेली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. विषय तसा किरकोळ, पण दाढीवाल्याने मांडला तसा घेतला तर त्यात दम आहे. मग त्यानेच त्यावर पुढे लिहावं. धाकटीने दुसरं काहीतरी शोधावं.

"चहा मात्र फक्कड झालाय," सर म्हणाले.

आवाज न चढवता धाकटी म्हणाली, "इतिवृत्तात लिहा की मी आत नव्हते."

"असं कसं लिहायचं? तू आलीच होतीस की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी उपस्थित असं लिहिलं. खाली उमेदवाराची सही लागते. धाकटीने सही केली आणि शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं, "चहा करत होते."

तो कागद मुख्य कचेरीत गेला आणि तिथल्या लेखनिक बाईंनी तो परत पाठवला. उमेदवार उपस्थित होती की चहा करत होती, याचा खुलासा करावा, असा शेरा मारून! बैठक पुन्हा घ्यायची ठरली, पण चार महिन्यांनी. वडिलांनी दिलेलं वर्ष त्याआधीच संपणार होतं.

त्या दिवशी धाकटी फोनवर रडली. "आई, चारच महिने. आत्याचं दादाला बघू दे ना थोडं."

"दादाला कसं जमेल गं?"

"मला तरी कुठे जमत होतं? शिकलेच ना? तोही शिकेल."

आई म्हणाली, "बरं. मी सांगते त्याला. तुझ्या बाबांचं मी बघते."

दुसऱ्या बैठकीला धाकटी सर्वांत आधी येऊन माझ्यापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसली. ज्येष्ठ सरांनी विचारलं, "चहापाण्याचं काय?" कुणीच हललं नाही. बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने कागदात मान घातली. शेवटी बाई स्वतःच उठल्या, चरफडत माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझा खटका दाबला.

भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला. "बाई येईपर्यंत हिचं उरकून टाकू. मागचंच कायम ठेवू."

"सर, बाई आत नाहीयेत," धाकटी म्हणाली.

"असू दे गं. बाईंचं काय, त्या आपल्याच आहेत."

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्या दिवशी धाकटीलाही सगळं असंच ऐकू आलं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी माझी वायर खस्सकन ओढली. पाणी नुसतं कोमट झालं होतं. मला अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा एरवी भयंकर राग येतो. त्या दिवशी नाही आला.

"चहा नाही," आत जाऊन बाई म्हणाल्या. "आणि हिचं ऐकल्याशिवाय काही ठरणार नाही."

धाकटी वीस मिनिटं बोलली. दोघांचा विरोध, तिघांचा होकार. विषय मंजूर झाला आणि तिच्याच नावावर झाला.

आता तुम्ही म्हणाल, मग किटलीबाई, तुमची कुरकुर कसली? सांगते. धाकटी सध्या कचेऱ्या पालथ्या घालत फिरते आहे. तिच्या जागी गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी आली. आज तिची बैठक आहे. बाई सकाळपासून घाईत होत्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, जरा चहा टाकतेस?" सवय म्हणजे माझ्या बुडाचा थर आहे, मित्रांनो. एकदा खरवडून भागत नाही.

मला रोज घासा, एवढंच मागून गप्प बसले असते. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. मी कुणाच्याही हातचं पाणी उकळीन, पण मला कुणाला बाहेर ठेवायचं निमित्त करू नका. ती मुलगी आत्ता माझ्यासमोर उभी आहे, तिचे कागद साखरेच्या डब्याशेजारी पडले आहेत आणि भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो आहे.

अहो, थांबा की जरा. ती अजून बाहेरच आहे.