फाटकाच्या आतली पाटी

मी एका बड्या शाळेचे गणवेश शिवते. माझी लेक मात्र त्या शाळेत नाही. तिथली फी ऐकूनच घेरी येते.

एवढी फी घेणारी शाळा धर्मादाय संस्था कशी, हे कोडं मला तिथल्याच ग्रंथपाल सरांनी उलगडून सांगितलं. शाळेला करात सूट मिळते, पण फी न भरणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो हे दाखवावं लागतं. म्हणून शाळेचं वाचनालय दर शनिवारी सर्वांना खुलं होतं. तशी पाटीही होती. फक्त शहाण्यांनी ती फाटकाच्या आतल्या बाजूला लावली होती! मी गणवेशांचं गाठोडं घेऊन आत जायचे, म्हणून मला दिसली.

चार वर्षांच्या नोंदवहीत दर शनिवारी एकच सही. माझी.

यंदा धर्मादाय खात्याच्या मॅडम तपासणीला आल्या, तेव्हा मी वाचतच बसले होते. मुख्याध्यापकांनी घाम पुसत वही पुढे केली. "लोकांना वाचनाची आवडच नाही हो. हे बंद करून आम्ही वर्षातून एकदा पुस्तकांचं मोठं प्रदर्शन भरवू."

गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

"मॅडम, ही सही माझी."

"काय वाचता?"

"हाडांची पुस्तकं."

मुख्याध्यापकांना हसू आलं.

"हसू नका, सर. माझ्या लेकीचा कणा वाकडा आहे. कुठलाही झगा तिरका बसायचा, बाहेर पडायला लाजायची पोर. कणा कुठे वळतो, बरगड्या कुठे पुढे येतात, हे इथल्या चित्रांत बघून मी कापड बेतायला शिकले. कळलं नाही की ग्रंथपाल सरांचं डोकं खायचे. त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही, त्यांचे उपकार कसे फेडू? आता लेक आरशासमोरून हलत नाही. तिच्यासारख्या अकरा मुलींचे कपडे शिवते मी."

ग्रंथपाल सर चष्मा पुसत बसले.

"वाचनालय खुलं असतं हे कळलं कसं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. "मला तर कुठे पाटी दिसली नाही."

मी सगळ्यांना फाटकापाशी नेलं.

"मी तर रोज बघतो ही!" मुख्याध्यापक म्हणाले.

"तुम्ही आतले ना," मॅडम म्हणाल्या. वाचनालय बंद करायचं नाही, पाटी आजच बाहेर लावायची, सहा महिन्यांनी पुन्हा येईन, एवढं त्यांनी तिथेच उभ्याने लिहून दिलं. मी हात जोडले.

पुढच्याच महिन्यातला एक शनिवार. खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत एक आजोबा पाय पसरून बसलेले. शेजारच्या बाकावर भाजीवाली आणि तिची सून एका पुस्तकात डोकं घालून. ग्रंथपाल सर माझ्यासाठी खुर्ची शोधत नुसते धावत होते. एरवी मी भांडलेच असते, पण डोळे भरून आले.

नोंदवहीत त्या शनिवारच्या पानावर माझी सही सतरावी होती. त्या दिवशी मी उभ्यानेच वाचलं.