चित्रकलेचा उसना तास

साहेब, शाळेतल्या चित्रकलेचा गळा तुम्ही दाबलात. विषय पुस्तकात ठेवलात, गुणपत्रिकेत ठेवलात, भाषणात तर फारच ठेवलात, आणि शिकवणारा माणूस तेवढा काढून घेतलात. पटसंख्या कमी, म्हणून कलेचा मास्तर नको. जो रिकामा असेल त्यानं शिकवावं. नळ उपटून न्यायचा आणि दप्तरी लिहायचं की गावात पाणी आहे, त्यातला हा प्रकार. तुमचं नाव लिहायची गरज नाही. खुर्चीवरचा माणूस बदलतो, खुर्चीचं काम तेच राहतं.

आणि नागरिकहो, साहेबांकडे बोट दाखवताना आपलेही हात जरा बघून घ्या. दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत काय घडलं ते ऐका, म्हणजे असं का म्हटलं ते कळेल.

त्या शाळेत दामिनी मॅडम गणित शिकवायच्या. शिकवणं चांगलं, पण स्वभावानं भित्र्या. नवरा श्याम अकोल्याला औषधांच्या गोदामात कामाला, बसनं जाऊन येऊन करायचा. घरी लहान मुलगी आणि तिला सांभाळणारी सासू. सगळं कसंबसं बसवलेलं. अशा बसवलेल्या संसाराला एकच धास्ती असते, कोणी धक्का देऊ नये.

धक्का देणारा माणूस म्हणजे खुशालराव, संस्थेचा सचिव. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. संस्थेची दुसरी शाळा मेळघाटच्या पायथ्याशी होती. तिथं जायला गाड्या बदलत बदलत अर्धा दिवस जायचा. जो शिक्षक मान वर करून बोलला, त्याची बदली तिकडे. खुशालराव कधी आवाज चढवत नसे. "तिकडची हवा चांगली हाय," एवढंच म्हणायचा. त्याची पांढरी गाडी फाटकात शिरली की शिक्षकखोलीतले चहाचे कप आपोआप खाली टेकायचे. कॅमेरा तर होताच डोक्यावर. त्या खोलीत माणसं हसायची तीसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

त्याच खोलीत कोपऱ्यात प्रियदर्शनी मॅडम बसायच्या. चित्रकलेच्या शिक्षिका. पाहुणा आला की फलक त्यांनी लिहायचा, सव्वीस जानेवारीची रांगोळी त्यांनी काढायची, भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा मंचही त्यांनीच सजवायचा. यातून वेळ उरला तर मुलांना शिकवायचं. आणि तो उरलेला वेळ मागायला दामिनी मॅडम हजर.

"प्रियदर्शनी मॅडम, आजचा तुमचा तास घेऊ का? माहा पोर्शन मांगं पडला."

प्रियदर्शनी रंगाचे डबे पुन्हा कपाटात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या."

कोणत्याही शाळेत जा, हे असंच चालतं. गणिताचा तास कोणी मागत नाही. विज्ञानाचा मागायची हिंमत होत नाही. चित्रकलेचा मात्र शेजारणीकडून विरजण मागावं तसा मागतात आणि परत कोणी करत नाही. यात काही चूक आहे असं दामिनीला कधी वाटलं नाही. मुलं चित्रं काढण्याऐवजी समीकरणं सोडवत होती, म्हणजे भलंच होत होतं.

दिवाळीनंतर खबर आली की अमरावतीहून अधिकारी येणार. शाळेला चित्रकलेच्या वेगळ्या शिक्षकाची गरज आहे की नाही, हे तपासायला. खुशालरावाला तर हे आयतंच मिळालं. चित्रकलेची खोली त्याला पुतण्याच्या स्पर्धापरीक्षा वर्गासाठी हवी होती, आणि खोली हवी म्हणजे आधी खोलीतली बाई नको. त्यानं प्रियदर्शनी मॅडमना वगळून शिक्षकांची सभा घेतली. अधिकाऱ्यांनी विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं, चित्रकला आम्हीच वाटून शिकवतो, वेगळ्या शिक्षकाची गरज नाही. मग तो दामिनीकडे वळला.

"मॅडम, त्यायचे तास जास्तीत जास्त तुमीच घेतले, नाही का? मंग खोटं काय हाय त्याच्यात? जे हाय तेच सांगायचं."

दामिनीला आत्ता उमगलं. ज्या तासांना ती मुलांचं भलं समजत होती, त्याच तासांनी प्रियदर्शनीची नोकरी जाणार होती! आणि ते तास तिनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतले होते. बोलायला तिनं तोंड उघडलंही. खुशालराव तिच्याकडे बघून मायेनं म्हणाला, "पोरगी लहान हाय न तुमची? सांभाळा तब्येतीले. तिकडची हवा मानवत नाही लहान लेकराले." पहिल्यांदाच तो तिकडची हवा वाईट म्हणाला होता. दामिनीनं तोंड मिटलं.

हेडसरांनी तिच्यावर आणखी एक काम टाकलं. प्रियदर्शनी मॅडमना त्या दिवशी रजा टाकायला सांगा, बाईमाणसानं सांगितलेलं बरं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या आईनं, दुर्गाबाईनं उघडलं. कापडी पिशव्या शिवता शिवता त्या उठल्या होत्या, दातात दोरा तसाच होता.

"या, गनिताच्या मॅडम. साखर किती टाकू? का तुमीच हिशेब करून सांगता?"

दामिनीला हसू आलं नाही. चहा समोर आला, तिनं निरोप सांगून टाकला. वर हेही सांगितलं की माझ्या मनात तसं काही नाही, पण मला लहान मुलगी आहे, तुम्ही समजून घ्या.

प्रियदर्शनी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर दामिनीला बरं वाटलं असतं.

"रजा मी टाकनार नाही," त्या म्हणाल्या. "पन तुमाले एक इचारते. तुमी माहा तास मांगत गेल्या, मी देत गेली. कधी पाहून गेल्या का, त्या तासाले मी काय करते?"

"चित्रं काढता."

"एक मडकं ठेवते टेबलावर. मडक्याकडे पाहा म्हनते आन् जे दिसते ते काढा. पयले पंधरा दिवस पोट्टे मडक्याकडे पाहातच नाही. माह्याकडे पाहातात. मॅडम, असं बरोबर हाय का, तसं बरोबर हाय का. बाकी साऱ्या तासाले त्यायले हेच तर शिकवलं हाय आपन, मास्तराचं तोंड पाहून उत्तर द्या. मी म्हनते, माह्या तोंडावर मडकं नाही. तिकडे पाहा. मंग एक दिवस पोरगं पाहाते. सावली कुठं पडली, काठ कुठं तुटला. अन् मले येऊन सांगते, मॅडम, तुमी फळ्यावर काढलं ते चुकलं. त्या दिवशी माही शिकवनी सुरू होते."

दुर्गाबाई म्हणाल्या, "तिचा बाप जनमभर कारखान्यात राबला, मान खाली घालून. तिनं पोरायची मान वर केली तं भाऊसाहेबाले जड चाल्लं."

"तुमी तं रंगाचं काम समजत होत्या," प्रियदर्शनी म्हणाल्या. "कपडा कसा बेतायचा, घराले खिडकी कुठं पाह्यजे, संत्र्याच्या पेटीवर नाव कसं लिवलं का दुरून वाचता येईन, हे सारं पाहन्यातूनच येते. ज्याले पाहाता येत नाही, त्याले कोनीबी काहीबी दाखवते. भाऊसाहेबाले चित्राचं काई नाही पडलं. त्याले पाहानारे लोकं नको."

दामिनी घरी आली. श्यामला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "तू कायले मधात पडते? उद्या तुले तिकडे फेकलं तं पोरीले मी अकोल्याले गोदामात नेऊ का?" त्याचंही खोटं नव्हतं. तिनं ठरवलं, मधे पडायचं नाही.

नुसती मधे पडली नाही एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण भीतीचं पोट असं भरत नाही. हेडसर म्हणाले, आठवीच्या मुलांचीही तयारी करून घ्या, अधिकारी मुलांनाही विचारतात. चित्रकलेच्या खोलीला खुशालरावानं एव्हाना कुलूप लावलंच होतं. दामिनी वर्गावर गेली आणि मुलांना उभं करून एकेकाकडून वाक्य पाठ करून घेतलं. "चित्रकला आम्हाला आमच्या दामिनी मॅडम शिकवतात." जो अडखळला त्याला पुन्हा म्हणायला लावलं. वेळापत्रकात तो तास चित्रकलेचा होता.

अधिकारी आले ते घाईत. प्रियदर्शनींनी रजा टाकली नव्हती, म्हणून हेडसरांनी त्यांना मागच्या खोलीत फलक लिहायला बसवलं होतं. कपाळावर चष्मा चढवलेला, कामानं थकलेला माणूस. मागे हेडसर, बाजूला खुशालराव. वर्ग ताठ उभा राहिला. अधिकाऱ्यांनी चार जुजबी प्रश्न विचारले आणि पहिल्या बाकावरच्या करिश्माला उठवलं.

"बेटा, चित्रकला कोण शिकवतं?"

करिश्मा उठली. ही मुलगी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी करत होती. तिच्या नखांत निळा रंग वाळून बसला होता. तिनं तो हात पाठीमागे लपवला आणि दामिनीच्या तोंडाकडे बघितलं.

नुसतं बघितलं नाही. तिथं उत्तर लिहिलेलं असावं तसं शोधलं. मॅडम घाबरल्या आहेत का? किती घाबरल्या आहेत? आपण किती घाबरायचं? दामिनीच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ त्या पोरीच्या चेहऱ्यावर उमटत होती. तेच कोरडे ओठ, तीच खाली जाणारी मान. दामिनीला स्वतःच्या मुलीचा चेहरा आठवला. तीही उद्या कोणत्या तरी शाळेत अशीच उभी राहणार, कोणाच्या तरी तोंडाकडे बघत! गणित शिकवते म्हणून आपण तास घेतले, आणि शेवटी त्या तासाला शिकवलं काय? भ्यायला शिकवलं!

"करिश्मा, बस," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सर, तिला विचारू नका. मी सांगते. चित्रकला प्रियदर्शनी मॅडम शिकवतात. त्यांचे तास मी घेतले, हे खरं आहे. मी मागून घेतले. त्या रिकाम्या नव्हत्या, आम्ही त्यांना रिकामं केलं. आणि या मुलांना खोटं बोलायला मीच शिकवलं."

खुशालराव हसला. मॅडमना जरा बरं नाही, घरी ताण आहे, असं तो अधिकाऱ्यांना समजावू लागला. अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हेच लिहून द्याल?"

बोलून गेलेली गोष्ट मागे घेता येते, लिहिलेली येत नाही. दामिनीला ते माहीत होतं. पेन हातात घेऊन ती थांबली. एवढ्यात करिश्मा पुन्हा उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. "सर, आमच्या चित्रकलेच्या खोलीले कुलूप लावलं हाय," ती म्हणाली. "आमचे चित्रं आत राह्यले." या वेळी ती कोणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती.

दामिनीनं लिहून दिलं.

अधिकाऱ्यांनी कुलूप उघडायला लावलं, खोली बघितली आणि अहवाल पाठवतो म्हणून निघून गेले. खुशालराव गाडीत बसताना दामिनीला एवढंच म्हणाला, "तिकडची हवा चांगली हाय." शिक्षकखोलीत त्या दिवशी तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. तिचा चहासुद्धा कोणी मागवला नाही. घरी श्याम दोन दिवस नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी "आता लिवून देल्लं तं मांगं कायले फिरायचं" म्हणत त्यानं करिश्माच्या बापाला शोधून काढलं आणि दोघं मिळून बाकीच्या पालकांच्या घरी गेले. पुढल्या आठवड्यात वीसेक मायबाप फाटकात उभे राहिले आणि आमच्या पोरांना चित्रकलेची मॅडम पाहिजे म्हणाले. खुशालरावाची गाडी आत शिरायला जागाच राहिली नाही. खोलीचं कुलूप तूर्त निघालं. प्रियदर्शनी शिकवताहेत. दामिनीला रोज डाक आली की धडधडतं, बदलीचा हुकूम असेल म्हणून. भीती गेली नाही. पण आता तिचा पोर्शन मागे पडला तर ती शाळा सुटल्यावर थांबते, कोणाचा तास मागत नाही.

मायबापहो, बोध सरळ आहे. आपल्या मुलाच्या शाळेत जा आणि विचारा, चित्रकला कोण शिकवतं, त्या तासाला खरंच काय चालतं. मास्तरहो, तुम्ही उसना मागितलेला प्रत्येक तास उद्या तुमच्याच सोबत्याच्या विरोधात साक्ष देतो, तेव्हा मागू नका आणि मागणाऱ्याला देऊ नका. कलेच्या शिक्षकाची नोकरी वाचवणं म्हणजे एका बाईवर उपकार करणं नव्हे. आपलं लेकरू स्वतःच्या डोळ्यांनी बघणार की दुसऱ्याच्या, याचा तो निकाल आहे.

आणि साहेब, आता तुम्ही. अहवाल तुमच्या टेबलावर येऊन पडला आहे. भाऊसाहेबांचा फोनही आला असेल. आम्हाला सहानुभूती नको, समिती नको, पुढच्या वर्षी बघू हे तर मुळीच नको. प्रियदर्शनी मॅडमचं पद राहणार की जाणार? खरं लिहून देणाऱ्या दामिनी मॅडमला मेळघाटच्या पायथ्याशी पाठवायला निघालेला हात तुम्ही धरणार की नाही? आणि वऱ्हाडातल्या ज्या शाळांमध्ये चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे आणि वर्गात माणूस नाही, तिथं माणूस कधी पाठवता? तारीख सांगा.